भामाबाई या नावाकडे लक्ष देण्याबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
येरळाकाठ आरोग्य प्रतिष्ठान, वडूज, जि. सातारा

विषय: चाचणीपुरता घातलेला रुग्ण खरा निघाल्याबाबत.
संदर्भ: परिपत्रक क्र. ७ (अर्जदारानेच काढलेले).

महोदय,

संगणक कधीही चुकत नाही, हा मानवजातीच्या हजारो वर्षांच्या तपश्चर्येचा कळस होय. आपल्या दवाखान्यात चुकायचे काम माझ्याकडे आहे. मी संगणक विभागात नोकरीस आहे.

१. मार्चमध्ये नवी प्रणाली तपासायला एक खोटा रुग्ण हवा होता. आईचा आधार क्रमांक तोंडपाठ होता, म्हणून मी तिचेच नाव घातले: श्रीमती भामाबाई धोंडीबा खरात, वय ७१. तीन महिन्यांत तिच्यावर एक्केचाळीस शस्त्रक्रिया झाल्या, दोनदा साप चावला, एकदा जुळे झाले. सगळ्यातून ती बरी झाली.

२. गोंधळ नको म्हणून मी परिपत्रक काढले, की या नावाने काहीही आले तरी लक्ष देऊ नये. शिवाय या नावाचा यापुढचा प्रत्येक आदेश दहा मिनिटांत आपोआप पुसला जाईल, अशी सोय केली. ती आजवर एकदाही बिघडलेली नाही, हे अभिमानाने नमूद करतो.

३. शनिवारी आई अंगणात पडली, खुब्याचे हाड मोडले. तिला इथेच आणले. आधार क्रमांकाशिवाय दाखल करता येत नाही, आणि तो घालताच तेच नाव आले. डॉक्टर शस्त्रक्रिया लिहितात, ती पुसली जाते. दुखणे थांबवायच्या इंजेक्शनचेही तेच. हातची चिठ्ठी औषध विभाग घेत नाही. दुसरीकडे न्यावे, तर डिस्चार्जही पुसला जातो आणि फाटकावरचे हरिबा त्या कागदाशिवाय स्ट्रेचर सोडत नाहीत. "गड्या, तुझाच नियम हाय," म्हणतात. खरे आहे.

४. नियम रद्द करायला आपल्या मोबाइलवर येणारा सहा आकडी क्रमांक लागतो. ही खबरदारीही माझीच. त्यासाठीची फाइल सोमवारी आपल्याकडून परत आली. शेरा असा: वार्षिक अहवालातील एक्केचाळीस यशस्वी शस्त्रक्रिया या बाईंच्या असल्याने दवाखान्याला पुरस्कार मिळेपर्यंत नोंदीस हात लावू नये. मार्चनंतर पाहू.

५. मार्चपर्यंत ती थांबणार नाही, असे डॉ. अक्षता मॅडम मला बाजूला घेऊन म्हणाल्या. अंगात ताप आहे. तो मी हात लावून पाहिला, कारण नोंद टिकत नाही. आई मात्र समाधानी होती. काल म्हणाली, "लय चांगला दवाखाना हाय रं. तीन दिस झालं, कुणी सुई टोचली न्हाई." आज ती काही बोललेली नाही.

तरी तो सहा आकडी क्रमांक आजच मिळावा.

ते धोरणात बसत नसल्यास भांडारातून एक चादर माझ्या नावावर द्यावी. तिच्या नावावर निघत नाही, आणि तिला थंडी वाजते.

आपला नम्र कर्मचारी, व भामाबाईंचा मुलगा,
राजरत्न धोंडीबा खरात
दि. १६ डिसेंबर २०२५

सोबत:
१. परिपत्रक क्र. ७.
२. खुब्याचा एक्स-रे (पुसला जाण्याआधी मोबाइलवर टिपलेला).
३. चादर धुवून परत करण्याचे हमीपत्र.