चार वाजताचा आकडा

४ मे, रविवार
उन्नतीचा हैदराबादहून फोन. म्हणाली, आई, बाबांचा कॉम्प्युटर आता काढून टाकू. अठरा तारखेला येते, तुला लॅपटॉप आणते, त्या टेबलाच्या जागी कपाट बसेल. मी म्हटलं, चांगला चालणारा कॉम्प्युटर कुणी काढतं का. ती म्हणाली, चांगला चालतो कशावरून? मी म्हटलं, टेस्ट करून दाखवते. ठरलं. ह्यांनी कॉम्प्युटरच्या कॅबिनेटवर मार्करने लिहिलेला शेवटचा आकडा आहे ५२१२. तेवढा आला तर कॉम्प्युटर राहील. नाही तर जाईल.

हे दर रविवारी सकाळी ती टेस्ट चालवायचे. कॉम्प्युटरला अवघड गणितं घालायची, तो किती भराभर सोडवतो त्यावर गुण. मग स्वयंपाकघरात येऊन आकडा सांगायचे. मी पोळ्या लाटता लाटता ‘बरं’ म्हणायचे. माझा अनुभव एवढाच. पण त्यात अवघड काही दिसत नाही.

५ मे, सोमवार
ह्यांची कॉम्प्युटरची जुनी मासिकं काढली. सातवीत शाळा सुटली, तरी वाचलेलं मी विसरत नाही. नियम सोपे आहेत. टेस्ट तीच हवी, तिची आवृत्ती तीच हवी. बाकीचे प्रोग्राम बंद. खोली थंड. तीनदा करायची आणि सरासरी काढायची.
दुपारी चारला केली. ४४७०, ४४३०, ४४५५.
आजचा सराव होता. सरावाचे आकडे धरत नाहीत.

६ मे, मंगळवार
दोष उन्हाचा. मासिकात स्पष्ट लिहिलंय, यंत्र तापलं की आपणहून हळू चालतं. आज चव्वेचाळीस डिग्री. कूलरचं तोंड कॅबिनेटकडे केलं.
शेजारची प्रेमिला वाटी मागायला आली आणि दारातच थांबली. “काहून वं जया, कॉम्प्युटरले हवा घालून राहिली? तू इकडे घामानं निथळून राहिली.” मी सांगितलं, शास्त्रीय काम चाललंय. ती म्हणाली, “धम्मानंदभाऊ होते तवा त्याईलेबी एवढी हवा नाही घातली तू.” वाटी घेऊन गेली.
४४९०. सुधारणा आहे.
एक नोंद. बरोबर चार वाजता कॅबिनेटचा पंखा जोरात फिरू लागला. लाल दिवा भराभर लुकलुकू लागला. मी हातही लावला नव्हता. सगळं बंद केलेलं होतं. आत कुणी बसून काम करत असल्यासारखं.

७ मे, बुधवार
पुन्हा चारला. पाऊण तास आवाज, मग शांत.
भूतबीत माझ्या घरात चालत नाही. आम्ही बौद्ध. छप्पन साली सासरे दीक्षाभूमीवर उभे होते, हे सगळं त्यांनी तिथेच सोडलं. आत्मा नाही म्हणजे नाही. मी फक्त खुर्ची थोडी मागे सरकवली. जागा हवी म्हणून.

९ मे, शुक्रवार
उन्नती म्हणाली, आई, चारलाच का करतेस, बाबा सकाळी करायचे ना, सकाळी कर, खोलीही थंड असते. मी म्हटलं, सकाळी मला वेळ नसतो.
सकाळी पेपर दोनदा वाचला.

१२ मे, सोमवार. बुद्धपौर्णिमा
विहारातून लवकर आले. चार वाजता कॉम्प्युटरजवळ खिरीची वाटी ठेवली. कॅबिनेटमधून किती गरम हवा येते ते मोजण्यासाठी. कपभर चहाही ठेवला, तुलना करायला. चहा उशिरा निवला, असं मला तरी वाटलं.
आज टेस्ट केली नाही. नुसती बसले. पाऊण तास.

१४ मे, बुधवार
प्रेमिलाच्या मुलीने तिच्या मोबाइलमध्ये कसलीशी टेस्ट घातली. प्रेमिला मोबाइल नाचवत आली. “माह्या मोबाइलले साडेचार लाख अन् तुह्या पेटीले साडेचार हजार?” मी तिला समजावलं, टेस्ट वेगळी असली की आकड्यांची तुलना होत नाही. गांधीबागेच्या बाजारात कापड मीटरवर मिळतं, कापूस किलोवर, दोन्हीत जास्त काय ते कसं सांगणार? ती म्हणाली, “मले त लाख जास्त दिसून राहिले.”
आज ४४२५. जे आकडे मनाला पटले नाहीत ते सोडून दिले, तरी सरासरी वर येईना.
चार दिवस उरले.

१६ मे, शुक्रवार
शेवटी रुपरावभाऊंना बोलावलं. सदर भागात त्यांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान, ह्यांचे जुने मित्र. आधी धूळ काढली. म्हणाले, “वयनी, यातून गव्हाचं पोतं निघते का काय.” मग चार वाजले आणि पंखा सुरू झाला. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिले. ते घाबरले नाहीत. काहीतरी उघडून पाहिलं आणि हसले. “अँटिव्हायरस आहे, वयनी. दररोज चारले सगळी मशीन तपासते. हाच तुमचा आकडा खाऊन राहिला. धम्मानंदनंच टाइम लावून ठेवला. चारले काहून लावला असंन?”
मला माहीत होतं. चारला हे उठून स्वयंपाकघरात यायचे. पाऊण तास बसायचे. चहा झाला तरी बसायचे. तेवढ्यात इकडे कॉम्प्युटर आपलं काम उरकायचा.
रुपरावभाऊंना मी सांगितलं, माहीत नाही.
त्यांनी विचारलं, “काढू का?” मी विचारलं, काढला नाही तर? ते म्हणाले, “चारले आकडा असाच येईन.”
अठरा तारीख परवावर आली आहे. काढा म्हटलं.

१७ मे, शनिवार
दुपारी चार. आवाज नाही.
दोन कप चहा केला होता. सवयीने. आता कॉम्प्युटरजवळ तुलनेसाठी कप ठेवायची गरज नाही.
मन स्वच्छ आहे. शास्त्र असंच असतं, कारण सापडलं की विषय संपतो.

१८ मे, रविवार
उन्नती सकाळी आली. तिच्यासमोर तीनदा टेस्ट केली. सरासरी ५२३४. ह्यांच्यापेक्षा बावीस जास्त. ती म्हणाली, जिंकलीस आई, राहू दे कॉम्प्युटर. मग ती झोपली.

चार वाजता खुर्चीत जाऊन बसले. कॉम्प्युटर चालू होता, तो गरमही झाला नाही.
रुपरावभाऊंना फोन केला. विचारलं, काढलेलं परत टाकता येतं का. म्हणाले, “ते जुनं झालं वयनी, आता भेटत नाही. नवीन टाकून देतो. चालते कवा, बंद होते कवा, समजतबी नाही.” मी म्हटलं, समजत नाही तर कशाला.

पावणेपाचला उठले. आकडा कागदावर लिहून ठेवावा म्हटलं, पण कागद कुणाला दाखवू. स्वयंपाकघरात गेले आणि आकडा सांगितला. पाच हजार दोनशे चौतीस.
थोडा वेळ थांबले. मग ‘बरं’ पण मीच म्हटलं.