दोन साक्षीदार

नागासाकी,
१२ नोव्हेंबर १९७२

प्रिय मित्सुए,

तुम्हा तिघांना आशीर्वाद. संत्र्यांची पेटी मिळाली असेल. यंदा गोड निघालीत. माझी कंबर धरलीय, बाकी बरं आहे.

पण हे लिहायला बसलेले नाही. मी संतापले आहे.

तुझ्या चिझुरुचं पत्र आलं. आई दात घासते तेव्हा रक्त येतं, दंडांवर काळेनिळे डाग उठतात. आणि डॉक्टरांनी विचारलं, "बॉम्ब पडला तेव्हा नागासाकीत होतात का?" तर तू म्हणालीस, "छे, इसाहायाला मामाकडे!" स्वतःच्याच जिवावर उठलीस का गं? का, तर लेकीचं लग्न ठरतंय, बॉम्बग्रस्ताची पोर घरात नको म्हणून मुलाकडचे चौकशा करतायत. खड्ड्यात गेल्या त्या चौकशा! बॉम्ब टाकला अमेरिकनांनी, माणसं जाळली त्यांनी, आणि तोंड लपवायचं आपण?

बॉम्बग्रस्ताचं सरकारी पुस्तक मिळालं की फुकट उपचार सुरू होतील. त्याला दोन साक्षीदार लागतात, नात्यातले चालत नाहीत. म्हणून टोफूवाल्या इवानागांकडे गेले. म्हातारा भडकलाच.

"तेव्हा दारोदार फिरून म्हणालीस, गप्प बसा. आता म्हणतेस, बोला. आमचं तोंड म्हणजे काय तुझ्या घरचा नळ आहे?"

मान खाली घालून ऐकलं. तू तर लग्नाआधीच कुराताला, तुझ्या होणाऱ्या नवऱ्याला, सगळं सांगणार होतीस. त्याच्या घरून स्थळाची चौकशी करायला ती बाई आली, तेव्हा बैठ्या मेजाखाली तुझा हात मीच दाबला आणि म्हणाले, "आमची मित्सुए त्या दिवशी मामाकडे होती हो." माझा चेहरा भाजलेला, मला कोण विचारणार होतं? वाटलं, तुझं तरी मार्गी लागू दे.

चुकलं माझं. तेवीस वर्षं हे लिहायचं टाळलं.

इवानागा आणि शेजारच्या नोहाराबाई, दोघांनीही साक्षीदार म्हणून सहीचे शिक्के दिलेत. अर्ज सोबत आहे. तुझा शिक्का मार आणि तिथल्या कचेरीत दे. शनिवारपर्यंत कळवलं नाहीस, तर रविवारी मी ओसाकाला येते. तुझ्या लग्नाला हा चेहरा घेऊन आले नव्हते, आता येईन. मुलाकडच्यांसमोर बसेन आणि म्हणेन, काय विचारायचंय ते मला विचारा.

तू मेलीस तर तुला कधीच माफ न करणारी,
तुझी ताई
फुसाए