तिसऱ्या रांगेत डावीकडून दुसरा

प्रिय टोबी,

सुखात असलेल्या माणसाला खरं सांगायची योग्य वेळ कोणती? मला उत्तर येत नाही. घरातली पहिली पदवीधर म्हणून बाबा सगळ्यांना सांगत असतात, ‘आमच्या मारीनला विचारा, तिला सगळं ठाऊक असतं.’ वर्गात मुलांसमोर मी खरेपणावर तास तास बोलते. काल लष्कर-नौदल फुटबॉल सामन्याला फिलाडेल्फियाच्या त्या स्टेडियममध्ये आई आणि बाबांच्या मधे बसून मला एक वाक्य जुळवता येत नव्हतं.

तू लष्कराची अकादमी सोडलीस हे आपल्या घरात फक्त मला माहीत होतं. तिसऱ्या वर्षाची शपथ घेण्याआधी कोणीही सोडून जाऊ शकतो, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, हे तू मला समजावलंस आणि मला ते पटलंही. पण पुढे तू म्हणालास, ‘तिकिटं आधीच काढलीत गं, त्यांना एवढा एक सामना बघू दे. नाताळात मीच सांगतो.’ त्यालाही मी हो म्हटलं. सामना संपला की आम्हाला लगेच बसमध्ये बसवतात, भेटता येणार नाही, असं तू बाबांना कळवून ठेवलंस. आता काही अडचण येणार नाही असं आपल्या दोघांनाही वाटलं.

ओहायोहून निघताना बाबा चालवतात त्या शाळेच्या बसमधल्या पोरांनी त्यांना पुठ्ठ्याची पाटी रंगवून दिली होती. त्यावर बुडणारी बोट, आणि खाली ‘नौदलाला बुडवा!’ बाबांनी ती मागच्या सीटवर ठेवली आणि तिला पट्टा बांधला. आईने डबाभर पिरोगी, बटाटा भरलेल्या तुझ्या आवडत्या करंज्या, तळून घेतल्या होत्या. ‘भेटणार नाही म्हणतो खरा, पण कुणाच्या तरी हाती धाडता येतील,’ असं ती दर टोलनाक्याला म्हणत होती.

तिथे पोचल्यावर वाहनतळातच पहिली अडचण उभी राहिली. तुझ्या तुकडीतल्या मुलांचे आईबाप एका तंबूत जमले होते. तुझ्या खोलीतल्या अँसेलची आई, मिसेस पेटीग्रू, सॉसेजची बशी घेऊन धावतच आल्या. ‘तुम्ही आलात! तरीही आलात! याला केवढं मोठं मन लागतं!’ बाबा खूश. ‘मोठं मन कसलं बाई, सहा तासांचा तर रस्ता!’ मी मिसेस पेटीग्रूंचा दंड धरला आणि मोहरी कुठे ठेवलीय म्हणत त्यांना तंबूमागे नेलं. त्यांचा चेहरा पडला. ‘पोरी, अजून सांगितलं नाहीस? अगं, इथे शंभर माणसांना माहीत आहे.’ मग मी आई-बाबांना थंडीचं निमित्त सांगून घाईघाईने आत नेलं. आई म्हणाली, ‘थंडी आपल्या गावात काय कमी असते?’

आणि मग सामन्याआधीचं अकादमीच्या मुलांचं संचलन सुरू झालं. टोबी, मला भीती होती ती एका मोकळ्या जागेची. दोन महिन्यांपूर्वी तू बाबांना फोनवर सांगितलं होतंस ना, आमच्या तुकडीचा झेंडा बघा, तिसऱ्या रांगेत डावीकडून दुसरा मी. बाबांनी ते पाठच केलं होतं. करड्या कोटांचे चौकोन एकामागून एक मैदानात शिरायला लागले आणि मी मनात म्हणत होते, आता ती जागा दिसणार, पडलेल्या दाताची खाच दिसावी तशी. पण जागा मोकळी नव्हतीच. रांगेतली फट कधीच बुजली होती. तुझ्या जागी दुसरा मुलगा होता, तुझ्याच उंचीचा, टोपी डोळ्यांपर्यंत ओढलेला.

‘तो बघ! तो बघ आपला टोबी!’ बाबा उभेच राहिले. दुर्बीण डोळ्यांना, मान पुढे. ‘कसा ताठ चाललाय! घरी याला सरळ बस म्हणून मी घसा फोडायचो!’ शेजारच्या अनोळखी माणसाच्या हातात दुर्बीण कोंबून त्यांनी त्यालाही ‘आपला टोबी’ दाखवला. मग आईला दिली. आईने बराच वेळ बघितलं. दुर्बीण खाली घेतली, भिंग हातमोज्याने पुसलं आणि ‘छान आहे हो,’ एवढंच म्हणाली. त्यानंतर तिने दुर्बीण परत मागितली नाही.

सामना कसा झाला ते तू टीव्हीवर पाहिलंच असशील, किंवा मुद्दाम पाहिला नसशील. आमच्या मागे नौदलाचा एक म्हातारा निवृत्त अधिकारी बसला होता. तो सारखा ओरडायचा, ‘अहो, ती पाटी खाली घ्या, तुमची बोट बुडतेय ती आम्हाला दिसू द्या!’ बाबा मागे न वळताच, ‘बोट तुमची, साहेब! आम्ही जमिनीवरची माणसं!’ आजूबाजूचे सगळे हसत होते. बाबांना इतकं खळखळून हसताना मी कधी पाहिलं नव्हतं, आणि त्यांच्या प्रत्येक हसण्यासरशी माझं वाक्य आणखी मागे पडत होतं. मधूनच ते समोरच्या करड्या गर्दीकडे बघून हात हलवायचे. तिकडून कोणीतरी आपल्या माणसांसाठी हात हलवला की म्हणायचे, ‘दिसलो त्याला!’

सामन्याची शेवटची काही मिनिटं उरली होती. आपण हरणार हे स्पष्ट झालं होतं. बाबांनी पाटी आईच्या मांडीवर ठेवली आणि उठले. ‘बसमध्ये बसवायच्या आधी पोरं कठड्यापाशी गाणं म्हणायला उभी राहतात. पाठीवर एक थाप मारतो आणि येतो.’ मी म्हटलं, बाबा, परवानगी नसते. ‘अगं, बापाला कसली परवानगी?’ आणि निघाले पायऱ्या उतरून, खिशात आईने बांधून दिलेल्या पिरोगी. तिथे ते त्या मुलाला ‘टोबी’ म्हणून हाक मारणार, मुलगा वळणार, त्याचे सोबती बघणार. एवढ्या लोकांदेखत.

मी धावत गेले. खालच्या बोळात, कॉफीच्या टपरीपाशी त्यांची बाही पकडली. ‘बाबा, तो टोबी नाही.’ पुढचं सगळं एका दमात सांगितलं. तुझं सोडणं, माझं हो म्हणणं. ते कॉफीच्या रांगेकडे बघत राहिले. रांगेतला एक माणूस म्हणाला, ‘साहेब, पुढे सरकता का?’ ते सरकले. मग म्हणाले, ‘मग मी हात कुणाला करत होतो?’ मी बाही सोडली, तसे तेच पुढे म्हणाले, ‘त्या पोराचे आईबाप आले असतील ना गं? का तोही एकटाच?’

मला वाटलं आता ते थेट गाडीकडे जातील. पण ते परत वर चढले. आईने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाली, ‘सांगितलंस. बरं झालं. मला चालीवरूनच कळलं होतं. टोबीचा डावा खांदा चालताना खाली जातो, त्या पोराचे दोन्ही सरळ होते.’ बाबा भडकले. ‘मग बोलली का नाहीस?’ ‘तू हसत होतास, लेनर्ड.’

हरलेल्यांच्या अकादमीचं गाणं आधी असतं. दोन्ही संघ करड्या कोटांसमोर येऊन उभे राहिले. मी म्हटलं, निघूया का? बाबांनी टोपी काढली. ‘पोरं उभी आहेत ना अजून. गाणं होऊ दे.’ ते गाणं संपेपर्यंत उभे राहिले आणि नंतर नौदलाचं झालं तेव्हाही. मागच्या म्हाताऱ्याने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्याला वाटलं, माणूस हरल्यामुळे रडतोय.

गाडीत बाबांनी पहिला प्रश्न विचारला, ‘टोबी आता जेवतो कुठे?’ रागावले आहेत, हे तुझ्यापासून लपवत नाही. मलाही बोलले, ‘शिकून हेच शिकलीस का?’ आणि ते मी ऐकून घेतलं. पण तू सोडलंस याचा राग मला त्यात कुठे दिसला नाही. एका परक्या पोरावर दिवसभर जीव लावायला लावलात, हा राग आहे.

मी फोन केला असता तर तू मला मधेच तोडलं असतंस आणि तासाभरात खोली सोडून कुठेतरी निघून गेला असतास. तुला मी ओळखते. म्हणून सकाळी मोटेलच्या टेबलावर हे लिहिलं. यावर पोस्टाचं तिकीट नाही, ते बघितलंस का? हे पत्र तुझ्या हातात आईने ठेवलंय आणि ती अजून दारातच उभी आहे, तिच्यामागे जिन्यावर बाबा. मी खाली गाडीत आहे, वर येणार नाही. नाताळापर्यंत गप्प राहीन असा शब्द मी तुला दिला होता. तो काल मोडला, आणि स्क्रँटनच्या तुझ्या या खोलीचा पत्ता मीच बाबांना दिला.

तुझ्यावर रागावलेली आणि तरी तुझीच,
मारीन