गुरुवारची पोर

विलाईताईंना नमस्कार.

काल बाळाला बघायला आलात, तिच्यासाठी सोन्याची अंगठी आणलीत. मन भरून आलं. निघताना म्हणालात, "अगं कुंग, हिला आपण नोई म्हणू या. तुमच्या त्या बर्मी नावांनी आम्हा थाई लोकांच्या जिभेला गाठ पडते!" खोलीतल्या सगळ्या हसल्या. मीही हसले.

मला कोळंबी सोलायला ठेवलंत त्याच दिवशी तुम्ही माझं नाव कुंग केलंत. कुंग म्हणजे कोळंबीच. त्या नावाला मी ओ देत आले. पण ताई, आमच्यात प्रत्येक वाराची अक्षरं ठरलेली, नाव जन्मवाराच्या अक्षरावरून ठेवतात. पोर गुरुवारची आणि नोई पडलं शनिवारचं. आमच्या पॅगोडात प्रत्येक वाराचा वेगळा कोपरा असतो, आपल्या वाराच्या बुद्धाला पाणी घालायचं; मोठी झाल्यावर तिनं कुठल्या कोपऱ्यात घालायचं? तिचं नाव फ्यू सिन आहे. जीभ अडखळली तर मी पुन्हा सांगेन, शंभरदा सांगेन, पण बदलणार नाही.

हे बर्मीत लिहिलंय, तुम्हाला वाचता यायचं नाही. ही माझी नुसती तालीम. सकाळी शेडवर येऊन तोंडानंच सांगणार आहे. आधी माझं नाव सांगेन, मग तिचं.

तुमच्याकडे इतकी वर्षं कोळंबी सोलणारी,
थिरी