पहिल्या हाकेला ओ

१ सप्टेंबर २०२५, सोमवार

रोहनचा फोन. पुन्हा तेच! रानूचा बाप कोण?

माहीत नाही म्हटलं. कुणालाच माहीत नाही, तीच तर गोष्ट आहे. धूमकेतूंचे कळप राखणाऱ्या म्हाताऱ्याला आभाळात एक बेवारस पोर सापडते, तो तिला वाढवतो, आणि ती पुढं नऊ सूर्यांच्या सम्राटाला नडते. एवढं पुरत नाही का?

"लोकांना वंश लागतो अंकिता. शेवटी ती सम्राटाचीच मुलगी निघू दे. रक्त बोलतं शेवटी!"

पुण्यात एसीत बसून ऑडिओ मालिका काढणाऱ्याचं रक्त बोलतं. माझं नुसतं उकळतं. म्हणजे ज्याचा आजा राजा, त्यानंच पराक्रम करायचा. बाकीच्यांनी मेंढरं वळायची! वीस तारखेपर्यंत शेवटचा भाग पाहिजे, नाहीतर दुसऱ्याकडून लिहून घेतो म्हणाला. माझ्या रानूचा शेवट दुसरा कुणी लिहिणार? बघतेच.

३ सप्टेंबर, बुधवार

आज झेंडूच्या वावरातून आईची हाक. "अंकिता..." आणि थोडं थांबून "अंकिता!" मी दुसरीला ओ दिली. जन्मापासून हेच. पहिल्या हाकेला ओ देऊ नये, भूत एकदाच हाक मारतं – हे आप्पांनी शिकवलेलं. आप्पा म्हणजे माझे आजोबा. रानूलाही मी हीच सवय लावून दिलीय, ऐकणाऱ्यांना फार आवडते. दौंडला कॉम्प्युटर क्लासात मात्र पंचाईत. पोरी एकदा "मॅडम" म्हणतात आणि मी ढिम्म. मला आखडू समजतात.

पण भूत काय भर दुपारी येतं? आईला विचारलं, दिवसा कशाला दोनदा? "सवय," म्हणाली. झेंडू तोडत राहिली.

एक गोष्ट आजच लक्षात आली. तिची पहिली हाक हळू असते, शेजारीच कुणी बसल्यासारखी. दुसरी मोठ्यानं. ती माझ्यासाठी.

५ सप्टेंबर

स्वप्नात कुणीतरी मला हाक मारली. माझ्याआधी दुसऱ्याच कुणीतरी ओ दिली.

८ सप्टेंबर, सोमवार

आप्पा बाभळीखाली मोबाईल कानाला लावून रानूचा प्रत्येक भाग ऐकतात. रोहनचं म्हणणं त्यांना सांगितलं. भडकलेच!

"राजाची निघाली तर त्या म्हाताऱ्यानं काय क्येलं मंग? फुकटची राखण?"

मला असा आनंद झाला! पण आई आतून बोलली. माझ्या गोष्टीबद्दल ती कधी चकार शब्द काढत नाही. "कळू दे की तिला. कुणाची हाय ते पोरीला कळाय नगं का?"

"कळून काय मिळणार आहे? ज्यांनी वाढवली त्यांची ती."

"तुला न्हाई कळायचं ते," म्हणाली. आप्पांनी खालमानेनं तंबाखू मळायला घेतली. भाकरी थापायच्या सोडून आई परत वावरात गेली. मला कळेना, हिला सम्राटाचा एवढा पुळका कधीपासून?

११ सप्टेंबर, गुरुवार

आमचा मोठा कळप कधीच मोडला. दादांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, सगळं लक्ष आता झेंडूत आणि मार्केटच्या टेम्पोत. आप्पांच्या हट्टापायी चार मेंढ्या दारात आहेत, एवढंच. त्यातली एक काल व्याली, कोकरू मेलेलं. नेमकी रोहिदासमामांची मेंढी वीत असतानाच मेली, तिचं कोकरू जगलं. मामा ते घेऊन आले.

आमच्या मेंढीनं त्याला हुंगलं आणि ढुशी देऊन उडवलं. दोनदा. मग आप्पांनी मेलेल्या कोकराचं कातडं सोललं आणि जिवंत कोकराला घातलं. अंगरखा घालावा तसं, पाय घालायला भोकं ठेवून. मेंढीनं पुन्हा हुंगलं. उभी राहिली. कोकरू लुचायला लागलं.

"फसवलं की हो तिला!"

"फशिवलं न्हाई. पान्हा आणला."

"किती दिवस ठेवायचं हे?"

"पाच-सा दिस. मंग काढायचं."

"मग तिला कळणार नाही?"

"कळतंय की. पर तवर तिचंच दूध त्याच्या पोटात गेल्यालं आसतंय. त्याच्या अंगाला तिचाच वास येतोय."

मागं वळले तर दारात आई. हातात रिकामी घागर. किती वेळ उभी होती देव जाणे.

कोकरू दिवसभर दुसऱ्याच्या कातड्यात अंगणभर फिरत होतं. मी तिकडं बघायचं टाळलं.

१३ सप्टेंबर, शनिवार

सापडला! रानूचा शेवट सापडला!

म्हाताऱ्याच्या सुनेचं तान्हं मूल गेलेलं असतं. तिचा पान्हा आटू नये म्हणून म्हातारा आभाळात सापडलेली पोर त्या मुलाच्या दुपट्यात गुंडाळून आणतो. नावही त्याच मुलाचं देतो. रानू. म्हणजे हिरॉईनचा राजवंश तर सोडाच, नावसुद्धा उसनं! आणि तरीही सम्राटाला नडणार तीच.

रोहनला फोनवर ऐकवलं. म्हणाला, "अंगावर काटा आला. घेऊ आपण. पण मग ही पोर मुळात कुणाची?"

"नाही सांगणार. काही अडत नाही."

जिंकले!! मग रडू का येतंय कळत नाही. दिवसभर माझ्या मागं कुणीतरी उभं आहे असं वाटतंय.

१४ सप्टेंबर, रविवार

जेवणं झाल्यावर भाग आई-आप्पांना वाचून दाखवला. दुपट्यापर्यंत आले आणि आई उठली. पाण्याचा तांब्या लवंडला, तोही उचलला नाही.

आप्पा म्हणाले, "ह्ये तुला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच की! मेंढीचं."

तंबाखूची चिमूट परत डबीत टाकली. मग म्हणाले, "श्येवट बदल बाई."

मी चिडले. राजवंश नको म्हणून परवापर्यंत माझ्या बाजूनं भांडत होते की हे! "का म्हणून बदलू?" तर उठून मेंढ्यांकडं गेले. नव्वदीचा माणूस असा तरातरा चालतो?

१५ सप्टेंबर

आई बोलत नाही. हाकसुद्धा मारत नाही – एकदाही नाही नि दोनदाही नाही. घर बहिरं झाल्यासारखं वाटतं.

१७ सप्टेंबर, बुधवार

आज कोकराचं कातडं काढलं. आई हातातलं काम टाकून बघायला आली. मेंढीनं हुंगलं, पाय आपटला, लांब गेली. कोकरू तिच्या मागं. ती थांबली, परत हुंगलं. मग कासेला लागू दिलं.

आई डोळे पुसत होती. कचरा गेला म्हणाली. वारं तर नव्हतं.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

परवा पितरांचा म्हाळ, म्हणून आईनं देव्हाऱ्यातले टाक चिंचेनं घासले. घरात गेलेल्या प्रत्येकाचा चांदीचा टाक आहे – आजी, पणजोबा, सगळे ओळखीचे. एक बारका मात्र कुणाचा ते मला कुणी कधी सांगितलं नाही. लहानपणी विचारलं की "हाय आपल्यातलंच," एवढंच. आईनं सगळे फडक्यानं पुसले. तो एक पदरानं पुसला.

२० सप्टेंबर

भाग पाठवला. एक अक्षर बदललं नाही.

२१ सप्टेंबर, रविवार. सर्वपित्री

म्हाळ. कढी, वडे, गवार, भोपळा, खीर. आप्पांनी छपरावर घास टाकला, कावळा लगेच आला. मी मागच्या दाराशी पत्रावळ्या पुसत होते. आत देव्हाऱ्यापाशी आईनं हाक मारली. हळू.

"अंकिता..."

इतक्या दिवसांनी तिची हाक आली! मला दुसरीची वाट बघवली नाही. "ओ," म्हटलं आणि आत गेले.

बारक्या टाकापुढं खिरीची वाटी होती. आईनं वळून बघितलं. दचकली नाही, रागावलीही नाही.

"ही हाक तुझी न्हाई," म्हणाली. "पयली तिची आसती. नाव आधी तिचं हाय."

मी तोंड उघडलं. तीन आठवडे रोहनशी ज्याच्यावरून भांडले, तोच प्रश्न जिभेवर आला. मग मी कुणाची?

आईनं तेवढीच दुसरी वाटी भरली, माझ्यापुढं धरली आणि मोठ्यानं म्हणाली, "अंकिता!"

मी वाटी हातात घेतली. ओ दिली.