बातमीखाली माझं नाव

६ ऑक्टो., चोपडा
काल केळीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये अमोनिया गळाला. पॅकिंगच्या बायका आत आणि मागच्या दाराला बाहेरून कुलूप. त्यांची मुकादम सुमनअक्का आधी बोलेचना. म्हटलं, अक्का, माझ्या बातमीवर माझंसुद्धा नाव नसतं, तुझं कशाला घालू? मग बोलली. "कुलूप रोजच ऱ्हास. बाया भायेर जातीस म्हनीसन." तिची जाऊ अजून ऑक्सिजनवर. दु. मजकूर जळगाव डेस्कला पाठवला. रोज कुलूप असतं, हे पहिल्याच वाक्यात.

७ ऑक्टो.
नाव आलं. तालुक्यावाल्यांना नाव देत नाहीत, "चोपडा, वार्ताहर" एवढंच. बायलाइन जळगावच्या ऑफिसात बसणाऱ्यांना, अशी रीत. आज मात्र मथळ्याखाली ठळक, पूर्ण नाव. आबांनी स्टँडवरून अंक आणून गल्लीत वाटले, पोरीचं नाव आलं म्हणून. मग मी वाचलं. "महिला कामगारांच्या निष्काळजीपणामुळे वायुगळती." कुलूप कुठेच नाही. माझ्या मजकुरातली जखमींची नावं तेवढी राहिली.
आबा म्हणाले, "घेतली ना शेवटी दखल."

८ ऑक्टो.
संपादकसाहेबांना फोन. "डेस्कने जरा नीट केली बातमी. कोल्ड स्टोरेजवाल्यांची दिवाळीची पानभर जाहिरात असते, तुला काय सांगायचं." मग माझं नाव का घातलं? "इतकी वर्षं तूच मागत होतीस ना?" आवाज अगदी प्रेमळ.
मागत होते, खरंय. दर दिवाळी अंकाच्या मीटिंगला. आता कळलं ते कधी देतात. उद्या कोणी जाब विचारला तर ऑफिसकडे बोट जायला नको. रडले खूप. रागाने, दुसरं काय.

११ ऑक्टो.
अक्काकडे गेले. दारातच उभी राहिली, आत ये म्हणाली नाही. सुनेने वाचून दाखवलंय. मी सांगत राहिले, डेस्कने बदललं, मी असं लिहिलं नव्हतं.
"डेस्क कोन शे, माले नही माहीत. तठे तुनं नाव शे."
सगळ्या बायकांना कामावरून काढलं, हे तिच्याकडूनच कळलं. "माले वाटनं, तू आपली पोर शे." दार लावून घेतलं.

१४
बाजारात कापडवाले शेठ: "अभिनंदन, ताई, मोठ्या झालात." हसले. दुसरं काय करणार.

१९ ऑक्टो.
जळगावच्या कामगार कार्यालयात चौकशी लागली. मालकाच्या वकिलाने पुरावा म्हणून माझी बातमी जोडली. स्थानिक महिला पत्रकाराने प्रत्यक्ष जाऊन लिहिलेली, असं म्हणे. मला पत्र, उद्या हजर राहा.
सं.ना म्हटलं, खुलासा छापा. "छापू की. तुझ्याच नावाने. माझ्याकडून चूक झाली, असं लिही. डेस्क मध्ये आणू नकोस." मग थांबून, "उद्याही जपून बोल."
मूळ मजकूर मोबाइलमध्ये आहे. दाखवला तर माझं काम गेलं, जिल्ह्यात दुसरं कोण दारात उभं करणार. नाही दाखवला तर त्या बायका...
जेवण गेलं नाही. कशातच अर्थ वाटत नाही.

२० ऑक्टो., एसटीत
आबा सोबत निघालेत. नको म्हटलं तरी. ठेवणीतला सदरा. कंडक्टर त्यांच्या ओळखीचा, त्याला सांगून झालं, पोरीला सरकारी साहेबांनी नावानिशी बोलावलंय. त्यांना मी अजून काहीच सांगितलेलं नाही.
तापीचा पूल गेल्यावर म्हणाले, "तिथे काय विचारतील गं?"
म्हटलं, "ही बातमी तुमचीच का, एवढंच."
"मग त्यात काय? हो म्हणायचं."