बॅगेत लॅपटॉपच्या जागी इस्त्री

तीर्थरूप मामा,

भाचीचा वाकून नमस्कार. (वाकताना कंबरेत कळ आली. ती कशाने, ते पुढे येईलच.) डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तुम्हाला समोरच्या गच्चीवर कुणाचे कपडे वाळत आहेत तेसुद्धा ओळखता येतं असं ऐकलं, म्हणून अक्षर मुद्दाम बारीक काढते आहे, ठळक काढलं तर तुम्ही रागवाल. थेंब वेळेवर घालता ना? गुडघा काय म्हणतो? आमच्याकडे सगळे एकमेकांवर चिडलेले आहेत, पण तब्येती उत्तम.

दोन गल्ल्या पलीकडे राहून पत्र कशाला, असं तुम्ही म्हणणार. तर समोर येऊन बसलं की विषय निघायच्या आत तुम्ही चहा टाकायला उठता आणि कप घेऊन येता तेव्हा हवापाण्याचं बोलायला लागता. फोनवर तर 'बरं' म्हणून ठेवूनच देता. पत्राला असं मध्येच तोडता येत नाही. फार तर घडी घालून उशीखाली टाकाल, पण मला माहीत आहे ना तुमचा स्वभाव, घटकाभराने पुन्हा काढून वाचाल.

तर झालं असं, की आमच्या साहेबांनी ऑफिस आवरतं घेतलं. लेकीकडे राहायला चालले. इतकी वर्षं त्यांच्या हाताखाली मी लोकांच्या घरांची चित्रं काढली, कुठे ओटा, कुठे कपाट, दार उघडलं तर खाटेला आपटेल का, सगळं कॉम्प्युटरवर उभं करून दाखवायचं. आता तो कॉम्प्युटरही गेला. जाताना साहेबांनी एक काम माझ्या पदरात टाकलं, एका दातांच्या डॉक्टरांचा नवा दवाखाना. म्हणाले, हे तू तुझं म्हणून कर. मामा, मला रडूच आलं हो! हे नीट पार पडलं तर माझं स्वतःचं काम सुरू झालं म्हणायचं. नाही पडलं तर फरश्या विकणाऱ्या दुकानात जागा आहे, तिथे दिवसभर गिऱ्हाइकाला एकच बाथरूम निरनिराळ्या रंगांत दाखवत बसायचं. म्हणून लॅपटॉप घ्यायला निघाले आणि तिथेच घोडं अडलं.

दुकानात दोन लॅपटॉप पुढे ठेवले. एक गेम खेळणाऱ्यांचा. काळाकुट्ट, जाडजूड, सुरू केला की बटणांखाली लाल-निळे दिवे पळायला लागतात आणि आतले पंखे असे घोंघावतात की आता हा टेबल सोडून उडणार. पण काम? मी ऑफिसातून आणलेलं दवाखान्याचं कच्चं चित्र त्याच्यात टाकून गरागरा फिरवलं, पठ्ठ्या हूं की चूं नाही! मात्र बॅटरी तास-दीड तासात मान टाकते, आणि चार्जर एवढा की तोच कुणाला लॅपटॉप वाटावा. दुसरा साहेबलोकांचा. राखाडी, सडपातळ, दोन बोटांत उचलावा, दिवसभर चार्जिंग नको, आवाज नाही, काही नाही. विकणाऱ्याने मला विचारलं, काम फिरतीचं की बैठं? मी म्हटलं, दोन्ही. त्याबरोबर तो पलीकडच्या गिऱ्हाइकाकडे गेला तो परत आलाच नाही.

घरी आल्यावर पक्ष पडले. आमचे हे शाळेत खेळाचे शिक्षक, त्यांना माणसाच्या पाठीपलीकडे काही दिसत नाही. त्यांचं मत हलक्याला. कन्यारत्नाचं मत जड्याला, आईच्या धंद्याच्या भरभराटीसाठी. (पंखे सुरू झाले की कुठला खेळ चांगला चालतो, याची माहिती तिला आधीपासून कशी, हे मी विचारलं नाही.) जेवताना वाद इतका वाढला की ह्यांनी पाणी पिता पिता मानेचे मणके मोजून दाखवले.

मग मला तुमची पद्धत आठवली. तुमच्या दुकानात कुणी बॅग घ्यायला आलं की तुम्ही तशी देतच नव्हता. जुन्या कुलपांची पिशवी तिच्यात टाकायची, गिऱ्हाइकाच्या खांद्याला अडकवायची आणि म्हणायचं, टपालपेटीपर्यंत जाऊन या, मग बोलू. लहानपणी मला वाटायचं, जगात सगळ्याच वस्तू अशा टपालपेटीपर्यंत चालून घेतात. माझ्या लग्नाच्या वेळी तुम्ही ह्यांनाही सामानाची ट्रंक उचलायला लावली होती, तेही विसरलेले नाहीत. म्हणून ठरवलं, आधी ओझं वागवून बघायचं. आपल्याकडे कुलपं कुठली? लॅपटॉप म्हणून कपड्यांची जाड इस्त्री आणि चार्जर म्हणून खलबत्त्यातला बत्ता. दोन्ही तुम्ही शिवलेल्या बॅगेत घातले आणि त्या दिवसापासून जाईन तिथे ती बॅग खांद्यावर. भाजीला गेले, बँकेत गेले. बँकेच्या रखवालदाराने बॅग उघडून पाहिली, बत्ता वरखाली करून पाहिला आणि मला खुर्ची दिली. कंबरेची कळ ती ही.

आणि तशीच मी डॉक्टरांकडे नव्या जागेत न्यायच्या खुर्चीची, यंत्रांची मापं घ्यायला गेले. त्यांचा सध्याचा दवाखाना चार जिने चढून वरती. बाहेर बाकावर लोक गाल धरून बसलेले. डॉक्टर बाहेर आले, मी आपली ऐटीत बॅग उघडली, टेप काढायला हात घातला आणि टेप राहिली तळाशी. आधी बत्ता काढून बाकावर ठेवला, मग इस्त्री. मामा, बाकावरची एक बाई गाल सोडून तडक जिन्याकडे गेली हो! डॉक्टर मात्र भले. त्यांनी इस्त्रीकडे पाहिलं, बत्त्याकडे पाहिलं आणि म्हणाले, आम्ही इथे एवढं काही वापरत नाही. मी सगळं समजावून सांगितलं. त्यांना ते पटलं की त्यांनी फक्त मान हलवली, कोण जाणे, पण मापं घेऊ दिली.

उतरताना दुसऱ्या जिन्यावर घात झाला. बॅग खांद्यावरून सुटली आणि इस्त्री एकेक पायरी वाजवत खाली. ज्या बाई मघाशी पळाल्या होत्या त्या खाली अजून धीर गोळा करत उभ्या होत्या. त्यांच्या चपलेपाशी जाऊन थांबली. त्यांनी ती उचलून माझ्या हातात दिली आणि सरळ घरी गेल्या. बॅगेचं काय झालं ते खाली लिहिते, आधी बसून घ्या.

मग हलक्याची पाळी. भाजी चिरायची पातळ फळी एका कापडी पिशवीत घालून निघाले. काय सांगू, चालतेय की तरंगतेय कळेना! इतकी हलकी, की बसमध्ये विसरून आले. हे खूश, म्हणाले, बघ, जाणवलंसुद्धा नाही. मी म्हटलं, अहो, तेच तर! फळी गेली तर हातावर चिरता येईल, दवाखाना गेला तर काय करू?

तरी ह्यांनी हेका सोडला नाही. शाळेच्या हेडक्लार्ककडून तसलाच सडपातळ लॅपटॉप एका दिवसापुरता मागून आणला. त्याच्यात दवाखाना भरला आणि पुन्हा चार जिने चढले. (या खेपेला पिशवी उघडताना बाकावरचे सगळे मागे सरकले.) डॉक्टरांनी एका पेशंटला बधिर करायचं इंजेक्शन दिलं होतं, ते चढेपर्यंत आपल्याला वेळ, असा हिशोब. मी झोकात चित्र उघडलं आणि म्हटलं, आता दारातून आत येऊ. दार आलं. आत काही येईना. मग खुर्ची आली, भिंती नाहीत. भिंती आल्या तेव्हा खुर्ची निम्मी आणि तिच्यावरचा दिवा डॉक्टरांच्या नव्या संडासात लटकलेला. मी जरा वळवायला गेले तर सगळंच जागच्या जागी गोठलं आणि तो सडपातळ बिचारा तापून असा झाला की त्याच्यावर मी खरंच कपड्याला इस्त्री केली असती. इकडे पेशंटच्या इंजेक्शनचा अंमल उतरला. तो 'आँ आँ' करून हाका मारायला लागला. माझा जीव अर्धा झाला. वाटलं, झालं, आता फरश्यांचं दुकान.

पण डॉक्टर हात धुता धुता काय म्हणाले माहीत आहे? म्हणाले, दिसलं तेवढं मला आवडलं. पण दर वेळी हे जिने चढून तुम्ही कशाला येता? इथे मला कधी सवड नसते. मीच एकदा तुमच्याकडे येतो, निवांत बघू. तुम्ही बसता कुठे?

बसता कुठे! मामा, इतके दिवस मी खांद्यावर काय पेलवेल याचाच घोळ घालत होते, आणि बसायचं कुठे हे मला कुणी विचारलंच नव्हतं. म्हणजे त्या विकणाऱ्याने विचारलं होतं, मीच ऐकलं नाही. डॉक्टरांना घरी बसवावं तर जेवणाच्या टेबलावर ह्यांच्या शिट्ट्या आणि क्रिकेटचे चेंडू. मी डॉक्टरांना पटकन काहीतरी सांगून टाकलं आणि निघाले.

तर आता तुम्हीच सांगा, जड घेऊ की हलका? तुम्ही उभ्या आयुष्यात लोकांच्या खांद्यांकडे बघून बॅगा शिवल्यात, तुमच्याइतकं हे कुणाला कळणार? उत्तराची वाट बघते. थेंब विसरू नका, आणि खिडकीत बसून लोकांच्या बॅगा बघत उसासे टाकू नका, मला खालच्या मजल्यावरच्या काकूंनी सांगितलं आहे.

तुमची, कंबर धरून बसलेली,
भाची

ता. क. बॅगेचं सांगायचं राहिलं. पट्टा तुटलेला नाही! आधी श्वास सोडा. पट्ट्याची कडी तुटली, जी बाजारातून आणलेली होती. तुमच्या शिलाईचा एक टाका हललेला नाही. ह्यांनी भिंग लावून पाहिलं. नवी कडी आता बसवायची कुणी? बाजारात एका दुकानदाराला बॅग दाखवली तर तो म्हणाला, टाकून द्या, नवी घ्या. मी त्याच्याशी भांडून आले.

दुसरा ता. क. वर मत विचारलं आहे खरं, पण लॅपटॉप कालच घेतला. जड्या. सगळं घर मिळून उचलून आणला. जेवणाच्या टेबलावर आहे, दिवे पळताहेत, आम्ही जमिनीवर बसून जेवतो. दवाखाना त्याच्यात काय फिरतो, मामा! दिव्याची सावलीसुद्धा बरोबर खुर्चीवर पडते. फिरतीचं माझ्याच्याने होणार नाही, बैठंच करायचं ठरवलं. मला भीती वाटते आहे आणि आनंदही इतका होतो आहे की कुणाला सांगू असं झालं आहे, म्हणून तुम्हाला सांगते.

शेवटचा ता. क. डॉक्टरांनी विचारलं ना, बसता कुठे? माझ्या तोंडून निघून गेलं, टपालपेटीच्या कोपऱ्यावर, बॅगवाल्यांच्या दुकानात. ते म्हणाले, अरे वा, माझी पहिली बॅग तिथलीच, पण ते तर बंद असतं. मी म्हटलं, गुरुवारपासून उघडं आहे. मामा, आता चहा टाकायला उठू नका, वाचा. गल्ल्याच्या डाव्या अंगाला उजेड येतो तिथे तुम्ही, तुमची आरी, तुमचा दोरा; उजव्या अंगाला मी. लोक आता बॅगा दुरुस्त करत नाहीत, टाकून देतात, हे तुमचं म्हणणं मला मान्य नाही. दुरुस्त करणाऱ्याचं शटरच बंद, मग टाकणार नाहीत तर काय करणार? पहिलं गिऱ्हाईक मीच, कडी बसवायची आहे, आणि टपालपेटीपर्यंत चालून बघितल्याशिवाय मी ती घेणार नाही. चावी तुमच्याकडेच आहे. गुरुवारी सकाळी मी शटरपाशी येऊन उभी राहते, लॅपटॉप हातात घेऊन, कारण बॅग तुटलेली. फार वेळ ताटकळत ठेवू नका, तो खरंच जड आहे.